भिंतीवरचं डफडं

नांदुरा
१२ ऑगस्ट २०२४

धम्मशीला,

जय भीम.

फोन करत नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि आतल्या खोलीत रुख्मिणी पडल्या पडल्या ऐकते. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी अजून उठायची परवानगी दिलेली नाही. तुझ्याकडे फोनच्या शेजारी आमची सुची बसलेली असते. म्हणून यापुढे जे असेल ते लिहून.

शुक्रवारी आमच्या तहसील ऑफिसात नागसेननं मला त्याचा मोबाईल दाखवला. त्याची सासुरवाडी लोणारची, आणि त्याच्या मेहुण्याची पोरगी तुझ्याच शाळेत आहे. तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात म्हणे मुलांच्या गोष्टींचं भिंतीपत्रक लावलंय. त्याचा फोटो होता. मधोमध भलंमोठं डफडं काढलेलं, ते गळ्यात अडकवलेली एक मुलगी, वर ‘राणूचं डफडं’ आणि खाली माझ्या मुलीचं नाव, आडनावासकट. नागसेनला वाटलं मला आनंद होईल. ऑफिसातले दोघेतिघे बघायला वाकले. एकजण हसला. का हसला ते मी त्याला विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तुला मी आपल्या आजोबांची आठवण करून द्यायची का? जानराव आजोबांनी गावासमोर डफडं जाळलं. लग्नात, पोळ्याला, मयतीला आता आमच्या घरातून कुणी वाजवायला येणार नाही असं तोंडावर सांगितलं. त्यानंतर गावानं त्यांना काय काय भोगायला लावलं ते तू आईकडून ऐकलंस. एका माणसानं घरातून जे बाहेर काढलं, ते त्याच्या नातीनं मास्तरीण होऊन पणतीच्या हातात दिलं. वरून त्याला रंगही दिला.

मुलांना शंभर विषय देता येतात. तुला हाच सुचला. तुमच्या त्या शनिवारच्या गोष्टींच्या तासात तू स्वतःची हौस भागवतेस आणि माझ्या मुलीला पुढे करतेस. तो कागद खाली काढ. काढलास की कळव.

धम्मदीप

---

लोणार
१९ ऑगस्ट २०२४

दादा,

जय भीम.

कागद काढणार नाही.

विषय मी दिलेला नाही. मी कुणालाच विषय देत नाही. दोन वर्षांपूर्वी मी हा तास सुरू केला तेव्हा सगळा वर्ग एकच गोष्ट लिहायचा. एक आटपाट नगर, एक राजा, एक लाकूडतोड्या. गाईडमधून उचललेली, शुद्धलेखनाच्या चुकांसह. मी वह्या बंद करायला सांगितल्या आणि विचारलं, घरचे कंटाळून ‘आता पुरे कर’ म्हणेपर्यंत तुम्ही कशाबद्दल बोलता? मग गणेश नावाचा मुलगा उठला आणि जेसीबीबद्दल बोलायला लागला तो घंटा होईपर्यंत. मी त्याला एवढंच विचारलं की तुझ्या जेसीबीले काय पाहिजे, अन् ते त्याले काऊन भेटून नाही राह्यलं? पुढच्या शनिवारी त्यानं गोष्ट आणली. जेसीबीला नाला खोदायचाय आणि मधोमध टिटवीची अंडी आहेत. अश्विनीची शेळी आहे, तिला तिची पिल्लं विकली तो बाजार बघायचाय, म्हणून ती एसटीत चढते. ही मुलं आधी चार ओळी लिहिताना पेन्सिल चावत बसायची.

आता तुझ्या मुलीचं सांगते, कारण ती तुला माहीत नाही. जूनमध्ये तू तिला इथं सोडून गेलास तेव्हा ती ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलायची. आई कशी आहे हेही विचारायची नाही. पण तिची बोटं गप्प नसायची. ताटावर, बाकावर, स्वतःच्या गुडघ्यावर, पाण्याच्या टाकीवर. आमच्या गल्लीत एक वरात आली तेव्हा ती चप्पल न घालता मागे गेली. वर्गात तिची पाळी आली तेव्हा तिनं डफड्याचं नाव घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती सलग बोलली. मी काय करायला हवं होतं? बाळ, हे सोडून दुसरं काहीतरी आवडून घे, असं सांगायचं?

गोष्ट काय आहे ते मी तुला लिहिणार नाही. तू चित्र पाहिलंस, नाव पाहिलंस आणि तुझ्या ऑफिसातला माणूस का हसला ते पाहिलंस. गोष्ट वाचली नाहीस. वाचायची असेल तर ये आणि उभा राहून वाच.

आजोबांचं नाव मला सांगू नकोस. त्यांना लोकांची भीती वाटत नव्हती. तुला वाटते. तू साहेब झालास आणि ऑफिसात कोण हसलं यावर तुझी झोप अवलंबून राहायला लागली.

वहिनींना सांग, सुची नीट जेवते.

धम्मशीला

---

नांदुरा
३ सप्टेंबर २०२४

धम्मशीला,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर द्यायचं नव्हतं. पण काल पोळा होता. आमच्या क्वार्टरच्या मागच्या रस्त्यानं बैल गेले, पुढे डफडी वाजत होती. मी खिडकी लावून घेतली. रुख्मिणी म्हणाली, उकडतंय. मी उघडली नाही.

मला लोकांची भीती वाटते म्हणतेस. तर वाच.

मी सातवीत होतो, तू पाळण्यात होतीस. आपण तेव्हा गावातच राहायचो. पोळ्याला सगळं गाव वेशीपाशी जमलेलं, बैल तोरणाखाली उभे, आणि त्या वर्षी डफडेवाले आले नाहीत. मी पोरांबरोबर बघायला गेलो होतो. आमचे गुरुजी तिथे होते. मला ते फार आवडायचे. माझं अक्षर ते दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. त्यांनीच मला गर्दीतून दंडाला धरून पुढे आणलं. म्हणाले, “हा जानरावचा नातू. हा वाजवील.”

मी म्हटलं, गुरुजी, मले येत नाही. खरंच येत नव्हतं. मी डफड्याला कधी हातही लावलेला नव्हता, आपल्या घरात ते नव्हतंच. ते हसले. रागावले नाहीत, प्रेमानंच म्हणाले, “येते रे. तुमच्या हातातच असते ते.” कुणाच्या तरी घरून डफडं आणलं, माझ्या गळ्यात घातलं, काड्या हातात दिल्या. मी मारायला लागलो. ठेका जमत नव्हता. बैल बिचकले. लोक पोट धरून हसले. वेशीपासून मारुतीपर्यंत मी तसा चाललो, बैलांच्या पुढे. थांबलो की कुणीतरी मागून म्हणायचं, वाजव बे.

बाबा शेतातून परत येत होते. त्यांनी पाहिलं. गर्दीत आले, माझ्या गळ्यातलं काढलं, जमिनीवर ठेवलं आणि माझा हात धरून घरी आणलं. आठवडाभरात आपण गाव सोडून धाडला राहायला आलो. आई तुला सांगायची की पोरांच्या शाळेसाठी आलो. खरं कारण तो पोळा होता.

मला लोकांची भीती नाही. मला ‘हातातच असते’ या शब्दांची भीती आहे. ते शब्द बोलणारा माणूस नेहमी हसतमुख असतो, नेहमी कौतुक करत असतो, आणि पुष्कळदा तो शिक्षक असतो.

आणखी एक. नागसेनची मेहुणी सांगते, सुची रोज संध्याकाळी कुठल्यातरी बाईच्या अंगणात जाऊन बसते. ती बाई कोण? फक्त लिहिणं चाललंय की आणखी काही? खरं लिही.

दिवाळीत मी सुचीला घेऊन जाणार. इथल्या शाळेत बोलून ठेवलंय. तोवर तिच्या हातात काडी दिसली असं मला कळलं, तर मला बहीण नाही असं समजून चालीन.

धम्मदीप

---

लोणार
१२ सप्टेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मी शाळेत उघडलं, ही चूक झाली. पुढचा तास मला घेता आला नाही. मुलांना चित्र काढायला लावून बसून राहिले.

हे तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस. आईनं नाही, बाबांनी नाही. मी धाडच्या घराला आपलं भाग्य समजत मोठी झाले. तुमच्यातलं कुणी मला विश्वासात घेण्याच्या लायकीचं समजत नव्हतं, आणि आता त्याच न सांगितलेल्या गोष्टीवरून तू मला घराबाहेर काढायला निघालास.

तू विचारलंस म्हणून लिहिते. ती बाई म्हणजे बेबीताई. तिचा बायकांचा डफड्यांचा ताफा आहे. कार्यक्रमांना बोलवतात, अकोल्यापर्यंत जातात. सुची तिच्याकडे जाते आणि फक्त बसत नाही, शिकते. मला माहीत आहे. मीच तिला पहिल्या दिवशी घेऊन गेले. गोष्ट लिहिताना तिला कळेना की काडी कशी धरतात, आवाज भरीव कधी येतो आणि फुटका कधी. मला सांगता येईना. ज्याला येतं त्याच्याकडे नेलं. जेसीबीवाल्या गणेशला मी ड्रायव्हरशी बोलायला असंच पाठवलं होतं. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. ते तू म्हणालासच.

बेबीताईनं पहिल्या दिवशी तिला विचारलं होतं, “तुह्या बापाले चालते का?” सुची म्हणाली, “बाबाले माहीत नाही.” बेबीताई म्हणाली, मग सांग. सुची सांगणार होती. फोनवर तू तिला पाढे विचारलेस.

आता नीट ऐक. तुझ्या गळ्यात डफडं घातलं ते दुसऱ्यांनी. तुला येत नव्हतं, तुला नको होतं, तुला हुकूम होता. आजोबांनी जाळलं तो हुकूम जाळला. हिला कुणी हुकूम केलेला नाही. हिनं स्वतः मागितलं. हा फरक तुला दिसत नसेल, तर त्या गुरुजींनी तुझ्यासाठी जे ठरवलं तेच तू हिच्यासाठी ठरवतोयस. त्यांनी सांगितलं, हे तुमच्या हातात आहेच. तू सांगतोस, हे तुमच्या हातात असता कामा नये. हात तिचे आहेत, हे दोघांनाही मान्य नाही.

बहीण नाही असं समजायचं तर समज. सुचीला मी तसं सांगणार नाही.

धम्मशीला

---

नांदुरा
२० सप्टेंबर २०२४

धम्मशीला,

तू मला त्या माणसाच्या रांगेत बसवलंस. ठीक आहे.

तुला भाषण चांगलं जमतं. फरक मला दिसतो. तो तुझ्या हेडमास्तरांना दिसेल का, गावाला दिसेल का, एवढाच माझा प्रश्न आहे. तू तिच्या हातात दिलंस तेव्हा ते तिचं होतं. इतरांनी बघितलं की ते तिचं राहणार नाही.

हुकूम यायचाच आहे. थांब थोडे दिवस.

धम्मदीप

---

लोणार
६ ऑक्टोबर २०२४

दादा,

हुकूम आला. खूश हो.

दहा दिवसांनी आमच्या शाळेत शिक्षण खात्याच्या केंद्राचा कार्यक्रम आहे. वरचे अधिकारी येणार, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येणार. आमचा गोष्टींचा तास त्यांना दाखवायचा असं ठरलं. मुलांनी आपापली गोष्ट वाचायची. मी यादी केली, त्यात सुची होती. गुरुवारी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. सुची तिथे हजेरीपट द्यायला आलेली होती.

त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हिला वाचायला नको, वाचणारे पुष्कळ आहेत. पाहुणे फाटकातून आले की ही डफडं वाजवत पुढे चालेल, स्टेजपर्यंत. फोटो छान येईल. मी म्हटलं, सर, तिनं गोष्ट लिहिली आहे. तर ते हसून म्हणाले, “हो, पण वाजवणं काय मॅडम, तुमच्याकडे ते असतंच ना. वेगळं शिकवावं लागत नाही.”

जसं तू लिहिलं होतंस तसं. हसतमुख. कौतुकानं. मला तू दिसलास, सातवीतला, मी कधी न पाहिलेला. आणि मी बोलू शकले नाही. एवढी बोलणारी मी, तुला पानंच्या पानं लिहिणारी मी, तिथे नुसती उभी राहिले.

सुची बोलली. हजेरीपट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, मले शिकावं लागलं. बेबीताईनं शिकवलं. अजून पुरतं येत नाही.” मग म्हणाली, “मी माझी गोष्ट वाचीन. वाचून झाल्यावर स्टेजवर उभी राहून वाजवीन. कोणाच्या पुढं चालत जाणार नाही.”

हेडमास्तरांना आधी कळलंच नाही की ती नाही म्हणते आहे. कळलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, हे तुम्ही पढवलं. तेव्हा माझा आवाज परत आला. मी म्हटलं, वाचायचं तर यादीतली सगळी मुलं वाचतील, सुचीसकट. नाहीतर तास दाखवायचा नाही. ते म्हणाले, कार्यक्रम तुमच्या एका पोरीसाठी अडणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना कळलंच. गणेश म्हणाला, मग मी पण नाही वाचत. अश्विनी म्हणाली, माझी शेळी पण नाही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण यावर कोण विश्वास ठेवणार? शनिवारी भिंतीपत्रक खाली उतरवलं गेलं, सगळंच्या सगळं, आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मुलांना चिथावलं म्हणून.

तर कागद निघाला. तुला पाहिजे होतं तसं झालं. तू म्हणाला होतास तेच शब्द आले. बरोबर निघालास. पण माझंही एक ऐकून ठेव. तुला त्या दिवशी ‘नाही’ म्हणायला जमलं नाही, तो तुझा दोष नव्हता. हिला जमलं. ते तिला घरी बसवून, खिडकी लावून आलं नसतं.

ती अजून बेबीताईकडे जाते.

धम्मशीला

---

नांदुरा
१५ ऑक्टोबर २०२४

धम्मशीला,

मी काल लोणारला येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही, यायचं नव्हतं. शाळेत आलो. तू तेव्हा केंद्रावर बैठकीला गेली होतीस असं शिपायानं सांगितलं. बरं झालं.

हेडमास्तरांना मी नाव सांगितलं, खुर्चीत बसलो नाही. विचारलं, माझ्या मुलीची गोष्ट भिंतीवरून कुणी काढली? ते म्हणाले, साहेब, गैरसमज झाला, आम्ही कौतुकानंच म्हटलं होतं. मी म्हटलं, मला माहीत आहे तुम्ही कौतुकानंच म्हटलं. मी ते लहानपणी ऐकलंय. ते पाणी मागवायला लागले. मी म्हटलं, पाणी नको, कागद आणा.

कपाटामागे गुंडाळून ठेवला होता. एक कोपरा फाटलेला. मी सांगितलं, जिथे होता तिथे लावा, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर ते वाक्य मी लेखी मागीन, तुमच्या सहीनं, आणि कोणकोणत्या कार्यालयात द्यायचं ते मला नोकरीमुळे ठाऊक आहे. मग शिपायानं स्टूल आणलं आणि कागद लावला. मी फाटलेला कोपरा धरून उभा होतो.

तुझा यात विजय समजू नकोस. मला तो कागद तिथे नको होता आणि आजही नको आहे. पण तो काढायचा तर मी काढायला सांगीन. त्यांनी नाही.

लावून झाल्यावर मी वाचली. उभा राहून, तू म्हणाली होतीस तसा. मला वाटलं होतं त्यात लग्न असेल, वरात असेल, बैल असतील. त्यात यातलं काहीच नाही. राणू लोणारच्या विवराच्या काठावर जाते आणि डफडं वाजवते. पलीकडून कुणीतरी तसंच वाजवतं. तिला वाटतं समोरच्या काठावर आपल्यासारखी एक मुलगी आहे. तिला भेटायला ती सगळा काठ चालत जाते. पोचते तर तिथे कुणी नाही. तिथून वाजवते तर आवाज आता ती आधी उभी होती तिथून येतो. मग ती म्हणते, म्हणजे मी जिथं नसते तिथंही मी असते. आणि घरी जाते.

गोष्टभर तिला कुणी वाजव म्हणत नाही. मी दोनदा वाचून बघितलं.

तुझ्या नोटिशीचं तू बघ. उत्तर कसं लिहायचं ते कळत नसेल तर मसुदा पाठव, दुरुस्त करून देईन. भाषण लिहू नकोस त्यात.

दिवाळीचं ठरलंय ते ठरलंय. मी तिला न्यायला येणार.

धम्मदीप

---

लोणार
२१ ऑक्टोबर २०२४

दादा,

तू आलास, हेडमास्तरांना दम दिलास, स्टुलावर माणूस चढवलास, गोष्ट वाचलीस आणि निघून गेलास. तुझी मुलगी तेव्हा सातवीच्या वर्गात होती. तुझ्यापासून दोन खोल्या पलीकडे. तिनं तुला खिडकीतून पाहिलं.

मी बैठकीहून परतले तर ती व्हरांड्यात बसलेली. म्हणाली, बाबा आले होते. मी म्हटलं, भेटले का? ती म्हणाली, “मले वाटलं वर्गात येतील. मी वहीपण आवरली होती.” त्या दिवशी ती बेबीताईकडे गेली नाही. जेवलीही नाही. जूनमधली सुची परत आली.

तुला वाटतं तू तिच्यासाठी भांडलास. तू पोळ्याच्या त्या गुरुजींशी भांडलास, इतक्या वर्षांनी. भांड, मला आनंदच आहे. पण ज्या मुलीची गोष्ट धरून भांडलास तिला एक शब्द बोलायला तुला वेळ नव्हता. ती मला दोनदा विचारून झाली की बाबांनी वाचली का, आणि वाचली तर काय म्हणाले. मी काय सांगू? तुझं पत्र तिला दाखवणार नाही. त्यात तिच्यासाठी एक ओळ नाही.

नोटिशीचं उत्तर मी दिलं आहे. माझ्या भाषेत. कार्यक्रम झाला, आमचा तास दाखवला गेला नाही. दुसऱ्या शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. पाहुणे चहाच्या वेळी व्हरांड्यात आले आणि त्यातल्या एक मॅडम भिंतीपत्रक वाचत उभ्या राहिल्या, हेडमास्तर शेजारी घाम पुसत. पुढे काय होईल ते होईल. बदली झाली तर जिथं जाईन तिथं शनिवार असतोच.

न्यायला ये. मी अडवणार नाही, मुलगी तुझी आहे. पण घरात येऊन ने. फाटकातून हाक मारून नाही.

धम्मशीला

---

नांदुरा
१४ नोव्हेंबर २०२४

धम्मशीला,

घरात आलो होतो. चहाही घेतला. तुझ्याशी त्या दिवशी जे बोललो आणि तू जे बोललीस, ते दोघांनीही पुन्हा काढायचं नाही. मी माझा एक शब्द मागे घेत नाही. तूही घेणार नाहीस.

रुख्मिणी आता काठी धरून ओट्यापर्यंत चालते. सुचीनं आल्या आल्या तिला जवळजवळ उचललंच. शाळेत नाव घातलंय.

प्रवासाचं लिहितो, कारण तू आरोप केला होतास. लोणारहून निघालो तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही गोष्ट वाचली न?” मी म्हटलं, हाव. ती म्हणाली, कशी वाटली? मला खोटं कौतुक करता येत नाही, मी ते फार ऐकलंय. मी म्हटलं, शेवट घाईत उरकलास. एवढा काठ चालून गेली तर दमली नाही का? पाणी कुठं प्याली? झाडीत माकडं असतात, ती आली नाहीत का? पलीकडे कुणी नाही हे कळल्यावर रडली का नाही? तू तिला नुसती चालवलीस.

मेहकर येईपर्यंत ती बोलली नाही. मला वाटलं, संपलं. मेहकर सुटल्यावर तिनं सुरुवात केली आणि खामगाव येईपर्यंत थांबली नाही. माकडं येतात पण आवाजानं पळतात. पाणी देवळापाशी पिते. रडत नाही, कारण तिला आधीच शंका आलेली असते, पण खात्री करायची असते. मी म्हटलं, मग हे लिहिलं का नाही? म्हणाली, कागदावर जागा नव्हती, आत्यानं सगळ्यांना सारखी जागा दिली होती. मी म्हटलं, त्यात तुझ्या आत्याची चूक आहे. ती हसली. तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं तिनं, पण हसली.

आता ती गोष्ट पुन्हा लिहिते आहे. चांगली लांब. शनिवारी नागसेनचा मुलगा आणि क्वार्टरमधली आणखी तीनचार पोरं आमच्या ओसरीत गोळा होतात आणि ती त्यांना तुझ्यासारखं काहीबाही विचारते. एकजण मालगाडीचे डबे मोजण्यावर लिहितो आहे. फार गलका असतो. मला वर्तमानपत्र वाचता येत नाही.

डफडं माझ्या घरात येणार नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. कारणही सांगितलं, पोळ्याचं, सगळं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर विचारलं, “आबांनी तुमच्या गळ्यातलं काढलं तेव्हा तुम्ही रडले का?” मी म्हटलं, नाही. घरी आल्यावर. मग ती बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुमच्या घरात नको तर नको, पण मी सोडणार नाही. बेबीताईनं अर्धंच शिकवलंय. मी काही बोललो नाही. रुख्मिणी म्हणते, न बोलणं म्हणजे हो. तसं नाही. मी ‘हो’ म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही. मला तो आवाज आजही ऐकवत नाही आणि यात बदल होईल असं वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला लोणारच्या गाडीत बसवून देईन. स्टँडवर तू वेळेवर ये, मागच्यासारखी उशिरा नको. तिथं उतरल्यावर ती कुणाकडे जाते, काय शिकते, ते तुमचं तुम्ही बघा. मला त्याबद्दल काही लिहू नकोस. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

धम्मदीप